आधी सही

नवऱ्याला एर्लांगेनला नोकरी लागली म्हणून मी जर्मनीत आले. मार्क जाऊन युरो आला, त्या वर्षीची गोष्ट. पुण्यात मी चार वर्षं एका खासगी हॉस्पिटलात डॉक्टर होते, मेडिसिनमध्ये एमडी झालेली, आणि बऱ्यापैकी भाव खाऊन असायचे. इथे वर्षभर भाषा शिकण्यात गेलं. मग रेल्वेनं पंचवीस मिनिटांवरच्या एका गावातल्या लहानशा हॉस्पिटलानं मला असिस्टंट डॉक्टर म्हणून घेतलं.

घेतलं खरं, पण माझ्याकडे कायमचा परवाना नव्हता. युरोपबाहेरून आलेल्या माझ्यासारख्यांना तो वर्षावर्षापुरता मिळायचा. तो संपत आला की आमच्या मुख्य डॉक्टरांनी, म्हणजे सगळे ज्यांना शेफ म्हणायचे त्यांनी, सरकारी कचेरीला पत्र पाठवायचं की ही बाई आम्हाला हवी आहे. पत्र गेलं नाही तर परवाना नाही आणि परवाना नाही तर मी पुन्हा घरात, नवऱ्याचा डबा भरायला मोकळी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते याच्यामुळे झालं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

माझ्या वॉर्डात एक नर्स होती. पन्नाशीला टेकलेली, उंच, केस बारीक कापलेले, छातीवर उलटं घड्याळ टाचलेलं. वीसेक वर्षं त्याच वॉर्डात होती. पेशंटांचे चार्ट ज्या ढकलगाडीवर असायचे, त्या गाडीला तिनं एक बॉलपेन बँडेजच्या पट्टीनं बांधून ठेवलं होतं. डॉक्टर लोक पेनं खिशात घालून पळवतात म्हणून. तिला मी मनातल्या मनात खडूस म्हणायचे.

पहिल्याच सकाळी मी जाता जाता तिला म्हणाले, "सिस्टर, सात नंबरला सलाईन लावा." आणि पुढे गेले. पुण्यात असंच चालायचं. आपण बोलायचं, सिस्टर करायची, संध्याकाळी सगळ्या कागदांवर एकदम सह्या ठोकायच्या. तासाभरानं येऊन बघते तर सात नंबरच्या आजीबाई तशाच पडलेल्या. मी तावातावानं नर्सेसच्या खोलीत शिरले. सगळ्याजणी टेबलाभोवती बसून पाव, लोणी आणि कॉफी घेत होत्या. कुणी उठलं नाही. माझी नजर खुर्च्यांकडेच गेली, की कुणी उठत कसं नाही. तिनं पावाला लोणी लावणं संपवलं आणि म्हणाली, "डॉक्टर, सुई तुम्ही लावायची. रक्तही तुम्हीच काढायचं. आणि औषध द्यायचं असेल तर चार्टमध्ये लिहायचं, खाली सही करायची. सही नाही तोवर तुम्ही काही बोललाच नाहीत असं मी धरते." मी दाराशी पोचल्यावर मागून म्हणाली, "आणि नाश्त्याच्या वेळी दार वाजवून येत जा."

मी घरी येऊन नवऱ्याचं डोकं खाल्लं. मी काय इथे कंपाउंडर म्हणून आलेय का, वगैरे. शेफकडे तक्रारही केली. ते हसले. म्हणाले, "मी इथे नवा होतो तेव्हा तिनं मलाही हेच सुनावलं होतं."

खरी फजिती पुढेच होती. पुण्यात शिरेत सुया घालायचं काम सिस्टर करायच्या, त्यामुळे माझा हात त्या कामातून गेलेला. इथे सकाळी सात वाजता बारा जणांचं रक्त माझ्या नावानं वाट बघत असायचं आणि बहुतेक सगळे ऐंशीच्या पुढचे, शिरा कागदासारख्या. एकदा एका आजींना मी तिसऱ्यांदा टोचलं. त्या बिचाऱ्या "काही नाही, काही नाही" म्हणत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मागून ही आली. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल आजींच्या हाताभोवती गुंडाळला, हात पलंगाखाली लोंबता ठेवला आणि माझ्या शेजारी घड्याळ बघत उभी राहिली. पाच मिनिटांनी टॉवेल काढून बोटानं एक जागा दाखवली. शीर पहिल्या फटक्यात लागली. त्या दिवसापासून मला अवघड वाटेल अशा पेशंटच्या हाताला माझ्या आधी टॉवेल गुंडाळलेला असायचा.

तिथून आमचं जमत गेलं. मी नाश्त्याला दार वाजवायला लागले आणि काही महिन्यांनी माझ्यासाठी तिथे एक कप ठेवला गेला. तिनं मला अगं-तुगं करायला सांगितलं, जे तिथे डॉक्टर आणि नर्समध्ये सहसा होत नसे. मी लाडू नेले, तर अर्धा खाऊन म्हणाली, "यात साखर जरा कमी पडली का?" आणि स्वतःशीच हसली. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा नव्हता, घरी म्हातारे वडील होते. वॉर्डाची मुख्य नर्स येत्या वसंतात निवृत्त व्हायची होती आणि ती जागा हिला मिळणार हे सगळे धरून चालले होते. तीसुद्धा. रिकाम्या वेळात ती ड्यूट्यांचं नवं वेळापत्रक आखत बसायची आणि मला दाखवायची.

आणि हळूहळू ती माझ्या तोंडच्या शब्दावर औषधं द्यायला लागली. कसं झालं ते सांगता येणार नाही. एकदा मला तातडीच्या विभागात धावायचं होतं, ती म्हणाली, "जा, मी देते, येऊन सही कर." मी आले आणि सही केली. मग दुसऱ्यांदा. मग चार वाजता ती माझ्यासमोर चार्टांची चळत ठेवायची, प्रत्येकात सही राहिलेल्या जागी कागदाचा चिठोरा, आणि मी एकापाठोपाठ एक सह्या करायचे. वॉर्डातल्या दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरला ही सवलत नव्हती. मला तर त्यात काही विशेष वाटतच नव्हतं. उलट, चला, अखेर हॉस्पिटल हॉस्पिटलसारखं चालायला लागलं, असंच वाटलं.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात फ्लूची साथ आली. वॉर्डातले दोघं डॉक्टर घरी तापानं पडलेले आणि तीस पेशंटांना मी एकटी. त्या दुपारी जेवण झालेलं नव्हतं, खिशातला फोन सारखा वाजत होता. पित्ताशयात खडे असलेले एक आजोबा आदल्या संध्याकाळी दाखल झाले होते, गावातले निवृत्त सुतार. कॉरिडॉरमध्ये ती समोरून आली. म्हणाली, "नऊ नंबरला फार दुखतंय." मी औषधाचं नाव सांगितलं, इथे पाण्यासारखं वापरतात ते वेदनाशामक, आणि म्हणाले, "एक बाटली लाव, मी लिहिते."

ती दोन पावलं पुढे जाऊन वळली. "लिहिशील ना?"

"लिहिते गं."

मी तातडीच्या विभागात गेले. वीस मिनिटांनी फोन आला. आजोबांचा चेहरा लाल झाला होता, अंगभर गांधी उठल्या होत्या, रक्तदाब लागत नव्हता. मी जिने धावत चढले. तिनं बाटली कधीच बंद केली होती, पाय वर केले होते, ऑक्सिजन लावला होता, ट्रेमध्ये इंजेक्शन भरून ठेवलं होतं. मी पोचले तेव्हा माझ्यासाठी फारसं काही उरलं नव्हतं. आजोबा वाचले. तीन दिवस अतिदक्षता विभागात राहिले आणि पुढच्या आठवड्यात डोक्यावर टोपी घालून चालत घरी गेले. हे मी आधी सांगायला हवं होतं का, कोण जाणे. माणूस वाचला असं सांगितलं की पुढचं सगळं हलकं वाटायला लागतं, म्हणून मी ते सहसा आधी सांगते.

त्या दुपारी मी माझ्या टेबलाशी येऊन बसले. ट्रेमध्ये कागदांखाली एक फॅक्स होता. आजोबांच्या घरच्या डॉक्टरनं सकाळीच पाठवलेला. त्यात जाड अक्षरात लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं की यांना या औषधाची ॲलर्जी आहे. तो फॅक्स वाचून चार्टला लावणं माझं काम. तो लावलेला असता तर औषध लिहायला चार्ट उघडल्याबरोबर मला दिसला असता. सही आधी करायची ती का, हे मला तेव्हा, दोन वर्षांनी कळलं. वॉर्डात गाडीपाशी जाऊन फॅक्स मी चार्टमध्ये लावला. नर्सच्या रकान्यात तिच्या नीटनेटक्या अक्षरात वेळ होती, औषधाचं नाव होतं आणि 'डॉक्टरांच्या सांगण्यावरून' असं लिहिलं होतं. कुठल्या डॉक्टरांच्या ते नव्हतं, कारण ते शेजारच्या रकान्यातल्या सहीवरून कळणार होतं. तो रकाना कोरा होता. चिठोरा लावलेला होता.

मी गाडीला बांधलेलं पेन हातात घेतलं. परवाना संपायला तीन आठवडे होते आणि शेफचं पत्र अजून गेलं नव्हतं. मी पेन सोडलं, ते पट्टीला लोंबत राहिलं. चिठोरा काढून खिशात टाकला. तिची ड्यूटी संपली होती, ती घरी गेली होती.

आजोबांच्या मुलीनं लेखी तक्रार केली. चार दिवसांनी सकाळी अकरा वाजता शेफनं आम्हाला बोलावलं. ते, नर्सिंगच्या प्रमुख बाई, ती आणि मी. खिडकीत रबराचं झाड होतं, टेबलावर बिस्किटांची बशी होती. शेफनं चार्ट उघडून मधोमध ठेवला आणि तिला विचारलं. ती म्हणाली, "तोंडी ऑर्डर होती. डॉक्टरबाईंनी सांगितलं, मी दिलं."

मग ते माझ्याकडे वळले. मी एक सांगते, ते वाईट गृहस्थ नव्हते. डॉक्टर मिळणं तेव्हा इतकं कठीण झालं होतं की एक जरी डॉक्टर गेला तरी वॉर्ड बंद पडला असता. ते म्हणाले, "हे बघा, त्या दिवशी तुम्ही एकट्या होतात. अशा गडबडीत माणसाला सगळं आठवतंच असं नाही." एवढं बोलून ते थांबले. दार उघडून धरल्यासारखे थांबले.

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

त्या दिवशी वॉर्डात दुसरा डॉक्टर नव्हता. खोलीतल्या चौघांनाही ते पक्कं माहीत होतं. प्रमुख बाईंनी बिस्किटांची बशी उगाचच थोडी सरकवली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. तुम्हाला आणखी काही सांगायचंय का, असं शेफनं विचारल्यावर म्हणाली, "सही नसताना मी औषध दिलं. ती माझी चूक आहे." मी खोटं बोलतेय असं ती म्हणाली नाही. मी वाट बघत होते की ती म्हणेल. ती म्हणाली असती तर मी काय केलं असतं, हा विचार मी पुष्कळदा करून बघितला आहे. दर वेळी मी पुन्हा 'आठवत नाही' असंच म्हणते.

तिला आबमानुंग मिळालं. नोकरीतली लेखी ताकीद, फाइलीत राहणारी. जर्मन शब्दांचं मराठी शोधायची मला खोड आहे, कधी कधी दिवस दिवस जातो, पण या शब्दाचं मराठी मला लगेच सुचलं. मेमो. माझी आई जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात तेहतीस वर्षं सिस्टर होती आणि मेमो म्हणजे काय ते मला चौथीतच कळलं होतं. आईला मेमो मिळाला की त्या दिवशी आमटीत मीठ नसायचं आणि बाबा आम्हा भावंडांना डोळ्यांनी गप्प करायचे. मेमो कशाबद्दल मिळाला ते आईनं कधी सांगितलं नाही.

वसंतात मुख्य नर्सची जागा दुसऱ्या कुणाला दिली गेली आणि ही तिसऱ्या मजल्यावर सर्जरीच्या वॉर्डात गेली. कुणी पाठवलं की तिनंच मागून घेतलं, मला विचारायची सोय नव्हती. माझा परवाना आला. नवरा म्हणाला, "तू काही खोटं नाही बोललीस. आठवत नाही एवढंच म्हणालीस." मला बरं वाटावं अशी त्याची इच्छा होती, म्हणून मी बरं वाटल्यासारखं केलं. रविवारी आईला फोन केला तेव्हा परवाना आल्याचं सांगितलं, बाकी काही नाही. ती म्हणाली, "आवाज असा का येतोय? जेवलीस का?"

मला वाईट वाटलं का, असं कुणी विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. रडू आलं नाही. झोप लागायची. भूल उतरत आलेल्या दाढेवर गालातून बोट दाबून बघतात तसं मी अधूनमधून बघायचे, काही जाणवतंय का. जाणवायचं नाही. वॉर्डातल्या बाकीच्या नर्सेस माझ्याशी अतिशय व्यवस्थित वागायला लागल्या. मागितलेलं सगळं मिळायचं, न मागितलेलं काही मिळायचं नाही. कुणाच्याही हाताला टॉवेल गुंडाळलेला नसायचा, तो मी स्वतः गुंडाळायला लागले. नाश्त्याच्या वेळी मी दार वाजवायचे, आतून "या" असा आवाज यायचा आणि मी आत गेले की सगळ्याजणी पावाकडे बघायला लागायच्या. माझा कप कपाटात मागे गेला होता. मग मी माझी कॉफी डॉक्टरांच्या खोलीत प्यायला लागले. सही मात्र आता मी जागच्या जागी करायचे. खिशात तीन पेनं असायची.

ती कधी लिफ्टमध्ये भेटायची. "मोर्गन," म्हणायची, म्हणजे सुप्रभात. मीही "मोर्गन" म्हणायचे. दोन मजले आम्ही आकड्यांच्या दिव्याकडे बघत जायचो.

पुढच्या वर्षी फुटबॉलचा वर्ल्डकप जर्मनीत झाला, त्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली. तोवर आम्ही हॉस्पिटलच्या गावातच घर घेऊन राहायला गेलो होतो, एर्लांगेनला रेल्वेनं नवरा जायचा. जिकडे तिकडे झेंडे लागलेले. आईला ते फार आवडले, गणपतीत असतं तसं वाटतंय म्हणाली. तिला मी शंभरदा बजावलं होतं की फुटपाथवर तो लाल पट्टा असतो ना, त्यावरून चालायचं नाही, तो सायकलींचा. पण तिला रस्त्याच्या बाजूनं चालायची सवय. एका दुपारी दूध आणायला गेली आणि मागून घंटी वाजवत आलेल्या सायकलवाल्याच्या वाटेत आली. तोही पडला, आईही पडली. तो खरचटण्यावर सुटला. आईचं उजवं मनगट मोडलं.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तिला आमच्याच हॉस्पिटलात आणलं. माझी सुट्टी होती, मी घरच्या कपड्यांतच धावले. तातडीच्या विभागात एक्स-रे झाला होता, एक इंजेक्शन दिलं होतं, ऑपरेशन करून तार घालावी लागेल असं ठरलं होतं. तेवढ्यात तिथला सर्जन अपघाताच्या दुसऱ्या केससाठी थिएटरमध्ये गेला आणि आईला वर तिसऱ्या मजल्यावर पाठवलं.

दार उघडून ती आत आली. मला बघून थांबली नाही, आधी आईकडे गेली. "गुटन टाग," म्हणाली. आईनं डाव्या हातानं नमस्कार केल्यासारखं केलं. तिनं हात खाली उशी घेऊन उंच ठेवला, बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून लावली. आईच्या त्या हातात सोन्याची एक बांगडी होती, बाबांनी केलेली, आणि मनगट सुजत चाललं होतं. तिनं जेल लावून, बोटं एकेक करून दाबत, ती बांगडी अशी काढली की आईनं नुसता श्वास ओढला. मग ती कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"जुनी सिस्टर आहे," आई मला मराठीत म्हणाली. "हात बघ तिचे. आजकालच्या पोरींना हे येत नाही."

पाऊण तास गेला. पहिल्या इंजेक्शनचा असर उतरला. आईचा चेहरा पांढरा पडत चालला. ती तोंडातून आवाज न काढणाऱ्यांतली, पण चादर डाव्या मुठीत धरून ठेवली होती आणि ओठ सारखे आत ओढत होती. मी बाहेर जाऊन तिला म्हणाले, "आईला दुखतंय. काहीतरी लावा."

"सर्जन थिएटरमध्ये आहेत. फोन केलाय. ऑर्डर नाही अजून."

"एक बाटली लावा," मी म्हणाले. "मी त्याला सांगते."

हे माझ्या तोंडून गेलं. जवळजवळ त्याच शब्दांत गेलं. ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, कशानंच नाही. म्हणाली, "आधी सही."

"मग मी लिहून सही करते."

"तुम्ही आज ड्यूटीवर नाही. हा तुमचा वॉर्डही नाही. तुम्ही इथे मुलगी आहात."

ती माझ्याबरोबर खोलीत आली. पुन्हा थिएटरला फोन लावला, दहा मिनिटं म्हणाले. मग तिनं खुर्ची ओढली आणि आईच्या डाव्या बाजूला बसली. चादर तिच्या मुठीतून सोडवून तिथे स्वतःचा हात दिला. बर्फ बदलला. उशी दोन बोटं वर केली. ओला बोळा ओठांवरून फिरवला, ऑपरेशनमुळे पाणी द्यायचं नव्हतं म्हणून. सही लागत नाही असं जे जे होतं, ते सगळं तिनं केलं.

"काय म्हणाली ती बाहेर?" आईनं विचारलं.

"दुखण्याचं औषध देत नाही म्हणते. डॉक्टरची सही नाही म्हणून."

"मग बरोबर आहे तिचं," आई म्हणाली. थोडं थांबली, श्वास घेतला. "सहीशिवाय हात लावू नये. मला तीन मेमो मिळाले ते असेच. डॉक्टर लोकांना नंतर काही आठवत नाही."

सिस्टर आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. "त्या काय म्हणाल्या? काही हवंय का त्यांना?"

तुमचे आभार मानतेय, असं सांगता आलं असतं. आईनं ते कधी ना कधी म्हटलंच असतं. बोलायला लागेपर्यंत मला माहीत नव्हतं की मी काय सांगणार आहे. मी सांगितलं की आई तेहतीस वर्षं नर्स होती. ती म्हणते, तुमचं बरोबर आहे. तिला तीन वेळा लेखी ताकीद मिळाली, ती अशीच. ती म्हणते, डॉक्टरांना नंतर काही आठवत नाही.

आईचा हात तिच्या हातात होता. तो तिनं सोडला नाही. मग म्हणाली, "आणि तुम्हाला?"

"मला आठवतं," मी म्हणाले. "तेव्हाही आठवत होतं."

"या," ती म्हणाली. जर्मनमध्ये या म्हणजे हो. "ते मला माहीत होतं."

आपण माफ कर म्हणावं असं वाटलं, पण ते तिच्याकडे मागायचं म्हणजे आणखी एक काम तिच्या अंगावर टाकायचं. आई डोळे मिटून पडली होती. बाहेर कुठेतरी गाड्यांचे हॉर्न वाजत होते, कुठलीतरी मॅच जिंकली असावी. मला छातीत काहीतरी दुखल्यासारखं झालं आणि मी त्याच्याकडे लक्ष देऊन बसले, जाऊ नये म्हणून.

सर्जन हिरव्या कपड्यांतच आला, माफी मागत. तिनं बसल्या जागेवरून चार्टांची गाडी जवळ ओढून त्याला पेन दिलं. ते अजूनही बँडेजच्या पट्टीनं बांधलेलं होतं, या वॉर्डातल्या गाडीला. त्यानं उभ्याउभ्या लिहिलं आणि सही केली. ती उठली. चार्ट उलटून ॲलर्जीचं पान वाचलं, मग औषधाचं नाव, मग सही, मग वेळ. आणि मग आईच्या हाताला बाटली लावली.